नांगरावरच्या बोटीत कॉफी: उकळतं पाणी किती वेळा ओतायचं?

प्रश्न थोडक्यात असा: दहा-अकरा मीटरची शिडाची बोट, नांगर टाकून उघड्या खाडीत उभी. सकाळी दोघांना, कधी चौघांना चांगली कॉफी हवी. काचेचा फ्रेंच प्रेस (जाळीच्या दट्ट्याने चोथा खाली दाबायचं भांडं) फुटला, मोका पॉटमधून (शेगडीवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं भांडं) कडू, करपट कॉफी येते आणि इलेक्ट्रिक केटल लावली की इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतो. कोणती पद्धत धरावी?

जमिनीवर आपण पद्धत चवीवरून निवडतो. बोटीवर आधी एकच गोष्ट मोजावी: उकळतं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात किती वेळा जातं आणि दर वेळी किती सेकंद हवेत असतं. कोन ड्रिपरला (कपावर ठेवायची शंकूसारखी गाळणी) तीन-चार मिनिटांत चार-पाच वेळा ओतावं लागतं. फ्रेंच प्रेसला एकदा पाणी ओतायचं आणि मग भरलेलं जड भांडं उचलून कपात ओतायचं. एअरोप्रेसला (दट्ट्याने दाबून कॉफी गाळणारी प्लॅस्टिकची नळी) एकदाच, तेही जेमतेम एक कपभर. मोका पॉटला उकळतं पाणी ओतावंच लागत नाही, फक्त तयार कॉफी ओतायची. हा हिशोब डोक्यात ठेवला की बाकीचे निर्णय सोपे होतात.

नांगरावर आहोत म्हणजे बोट स्थिर आहे, हा समज घात करतो. शिडावर चालणारी बोट एका बाजूला कलते आणि बराच वेळ तशीच राहते. शरीर त्या कलाला सरावतं. नांगरावर बोटीचं तोंड वाऱ्याकडे किंवा भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे असतं, पण समुद्राची लांब लाट किनाऱ्याला वळसा घालून भलत्याच दिशेने, बऱ्याचदा थेट कुशीवर येते. मग बोट दोन्ही बाजूंना डोलते, तेही काही मिनिटांच्या शांततेनंतर अचानक. त्यात जवळून गेलेल्या मोटरबोटीच्या लाटांची भर. त्या लाटा बोटीबरोबर येत नाहीत, ती पुढे निघून गेल्यावर येतात. म्हणून इंजिनाचा आवाज ऐकू आला की केटल शेगडीवरच राहू द्या. दोन-तीन मोठे हेलकावे होऊन गेले, खिडकीतून पाणी सपाट झालेलं दिसलं, की मग ओता.

लाट सतत कुशीवरच येत असेल आणि वारा हलका असेल तर कॉफीआधी बोटच वळवता येते. नांगराच्या साखळीला पुढच्या टोकाशी एक लांब दोर बांधायचा, तो सगळ्या कठड्यांच्या बाहेरून मागच्या विंचवर (दोर ओढायची फिरकी) आणायचा, मग साखळी पाच-दहा मीटर सोडून दोर घट्ट करायचा. बोट तिरकी होऊन लाटेला तोंड देते आणि डोलणं चांगलंच कमी होतं. मात्र वारा वाढला की हा दोर सोडून द्यावा, कारण कुशीवर वारा घेतल्याने नांगरावरचा ताण वाढतो.

शेगडी आणि केटल

गिंबलवर (बोट कलली तरी शेगडी सपाट ठेवणारा झुलता आधार) टांगलेली शेगडी फक्त बाजूंच्या डोलण्याशी जुळवून घेते. तिचा आस बोटीच्या लांबीला समांतर असतो, त्यामुळे पुढची-मागची उसळी ती सोसत नाही. यावरून दोन सवयी लावून घ्या. केटल ठेवताना तिची चोच बोटीच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाकडे असू द्या, आडवी नको. डोलताना पाणी ज्या दिशेने हिंदकळतं त्या दिशेला चोच असली की तिथूनच सांडतं. आणि केटल दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. बुड रुंद, उंची कमी, झाकण अडकवता येणारं आणि शिट्टी असलेली केटल घ्या. शिट्टीमुळे शेगडीजवळ वाकून पाहत बसावं लागत नाही. भांडी धरून ठेवणारे चिमटे तिच्या बुडाला टेकवून घट्ट करा.

शेगडी गिंबलवर आहे म्हणजे आपोआप सुरक्षित आहे असंही नाही. हलक्या, रिकाम्या ओव्हनच्या शेगडीवर भरलेली मोठी केटल ठेवली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि शेगडी आळसट, कधी उलटी झुलायला लागते. ओव्हनच्या तळाशी एक जड लोखंडी तवा ठेवला तरी फरक जाणवतो. बोटीचं डोलणं आणि शेगडीचं झुलणं यांची लय एक झाली तर झोका वाढतच जातो. अशा वेळी हाताने थोपवायला जाऊ नका, गॅस बंद करा. पेटलेल्या शेगडीच्या समोर उभं राहू नये, बाजूला राहावं. उघड्या पायांनी आणि उघड्या पोटाने तर नकोच. जाड, लांब एप्रन आणि बंद चपला उकाड्यातही घाला.

गॅस की वीज?

अर्धा लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला सुमारे १६७ किलोज्यूल, म्हणजे साधारण ४६ वॅट-तास लागतात. हा आकडा शेगडी कोणतीही असो, बदलत नाही. बदलतात ते तोटे. गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते, तरी अर्ध्या लिटरला ९ ते १२ ग्रॅम गॅस पुरतो. ५ किलोच्या सिलिंडरवर चारशेहून अधिक वेळा पाणी उकळतं. कॉफीसाठी गॅस संपेल ही काळजी करण्यासारखी गोष्ट नाही.

आता इन्व्हर्टर बंद का पडतो ते पाहू. केटल, वायर आणि इन्व्हर्टर यांचे तोटे धरून अर्ध्या लिटरला बॅटरीतून जेमतेम ५ अँपिअर-तास जातात. म्हणजे ऊर्जा कमी पडत नाही, प्रवाह फार होतो. १५०० वॅटची केटल १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १४० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासाची एकच शिसे-आम्लाची बॅटरी इतका प्रवाह देताना तिचा व्होल्टेज खाली बसतो आणि इन्व्हर्टरचं कमी व्होल्टेजचं संरक्षण त्याला बंद करतं. लिथियम बॅटरीतही तिचा नियंत्रक १०० अँपिअरचा असेल तर तोच पुरवठा तोडतो. वायर बारीक असेल तर दुखणं आणखी वाढतं: बॅटरी ते इन्व्हर्टर २ मीटर अंतर आणि १६ चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर जाऊन-येऊन ४ मीटर तांब्यात १४० अँपिअरला ०.६ व्होल्ट वाया जातो आणि वायर तापते. ५० चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर तोच तोटा ०.२ व्होल्टच्या आत येतो.

वायर आणि बॅटरी बदलायची नसेल तर ५०० वॅटची छोटी प्रवासी केटल घ्या. ती ४५-५० अँपिअरच ओढते आणि अर्धा लिटर सात-आठ मिनिटांत उकळते. बारा व्होल्टवर थेट चालणाऱ्या, सिगारेट-लायटरच्या सॉकेटमध्ये लावायच्या केटली मात्र सोडून द्या. दीडशे वॅटमध्ये अर्ध्या लिटरला पंचवीस-तीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ ते सॉकेट गरम होत राहतं.

गॅस वापरताना एकच गोष्ट विसरायची नाही: हा गॅस हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन सुमारे दीडपट, ब्यूटेन दुप्पट. गळाला की तो खिडकीतून जात नाही, बोटीच्या तळात साचतो, आणि हवेत त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगी पुरते. सिलिंडर पाणी-हवा बोटीबाहेर जाऊ देणाऱ्या, केबिनपासून बंद कप्प्यातच असावं. पेटवताना आधी हॅच (केबिनच्या छतातलं झाकण) उघडा, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह, मग काडी किंवा लायटर, आणि सगळ्यात शेवटी शेगडीची खुंटी. ज्योत लागल्यावर खुंटी दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे ज्योत विझल्यास गॅस तोडणारं साधन तापून तयार होतं. बंद करताना क्रम उलटा: आधी सिलिंडर, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझली की मग खुंटी. झडपेजवळ दाबमापक असेल तर शेगडी बंद ठेवून सिलिंडर उघडा, पुन्हा बंद करा आणि काही मिनिटं काटा पाहा. तो उतरला तर गळती आहे. ती साबणाच्या पाण्याने शोधा, ज्योतीने कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म केबिनमध्ये हवाच, आणि थंडीतसुद्धा कॉफी करताना हॅच बोटभर तरी उघडी ठेवा.

मोका पॉट कडू का होतो?

मोका पॉट वाईट नाही, पण बोटीवर त्याच्या दोन अडचणी आहेत आणि दोन्ही त्याच्या रचनेतल्या आहेत. पाणी खालच्या कोठीत असतं आणि कॉफी नळीतून वर चढते. म्हणजे सुरुवातीला सगळं वजन तळाशी, शेवटी सगळं वर. कॉफी तयार होते त्याच क्षणी पॉट सगळ्यात डळमळीत असतो. त्याचं बूडही लहान, शेगडीच्या दांड्यांमध्ये तिरकं बसतं. छोटी जाळी किंवा ज्योत पसरवणारी लोखंडी चकती खाली ठेवा आणि चिमटे कोठीच्या अंगाला टेकवा.

कडूपणाचं कारण दुसरं. आतलं नरसाळं कोठीच्या तळापर्यंत जवळजवळ पोचतं. पाणी कमी उरलं की जमिनीवरही शेवटी नुसती वाफ वर जाते, तोच तो खळखळाट. बोट डोलली की पाणी एका बाजूला जातं, नरसाळ्याचं तोंड आधीच उघडं पडतं आणि वाफ लवकर शिरते. वाफेने कॉफी जळते, करपट चव येते. त्यात मोठी ज्योत बाजूने वर चढते, हँडलही वितळवते. उपाय असा: मंद आच, आणि पहिला खळखळाट होण्याआधीच, फेसाळ रंग फिका व्हायला लागला की पॉट उचलायचा. रंग दिसायला झाकण उघडावं लागतं आणि डोलताना ते नको. म्हणून कानांवर भरवसा ठेवा. सुरसुर बदलून फसफस झाली की वेळ झाली. सिंकमध्ये ओलं फडकं आधीच पसरून ठेवा आणि पॉट त्यावर ठेवा. खालची कोठी थंड पडते, वाफ थांबते, आणि पॉट उभाही नीट राहतो.

जमिनीवर चांगले कॉफी करणारे कोठीत आधीच उकळलेलं पाणी भरतात, म्हणजे कॉफी आचेवर कमी वेळ राहते. बोटीवर हे करू नका. तापलेली कोठी फडक्यात धरून डोलत्या केबिनमध्ये आटे पिळणं म्हणजे हात भाजून घेणं. साधं पाणी, सुरक्षा झडपेच्या खाली पाच मिलिमीटरपर्यंत, आणि चाळणीत कॉफी काठोकाठ पण न दाबता. झडपेवर पाणी जाऊ देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचा पॉट खारट हवेत ओला ठेवला की आतून पांढरे खड्डे पडतात. धुऊन, पुसून, तिन्ही भाग वेगळे ठेवा. झडप बोटाने हलवून पाहा, क्षाराने जखडली असेल तर पॉट बदला. रबरी वॉशर जादा बाळगा, सिलिकॉनचं जास्त टिकतं.

मग घ्यायचं काय?

दोघांसाठी एअरोप्रेस. हलका, प्लॅस्टिकचा, फुटत नाही. १५ ग्रॅम कॉफी, मध्यम-बारीक दळलेली, २०० मिलिलिटर पाणी. सरळ उभ्या पद्धतीनेच करा. उलटा ठेवून करायची पद्धत लोकप्रिय आहे, पण त्यात उकळत्या पाण्याने भरलेली नळी जोडावर उभी राहते आणि मग पलटावी लागते. बोटीवर ती करूच नये. सरळ पद्धतीत पाणी आधीच ठिबकायला लागतं, त्यावर तोड म्हणजे पाणी ओतून, ढवळून लगेच दट्ट्या वरच्या तोंडात सेंटिमीटरभर बसवणं. आत पोकळी तयार होते आणि ठिबकणं थांबतं. दोन मिनिटांनी तीसेक सेकंदांत सावकाश दाबा, हवेचा सुस्कारा आला की थांबा. दाबताना कप सिंकच्या तळावर ठेवा, ओट्यावर नाही. आणि कप जाड भिंतीचा, सरळ, स्टीलचा घ्या. पातळ कप दाबाखाली वाकतो किंवा सटकतो. शेवटी चोथ्याची घट्ट चकती एका धक्क्यात कचऱ्याच्या डब्यात पडते आणि नळी धुवायला अर्धा कप पाणीही लागत नाही. टाकीतलं पाणी मोजून वापरणाऱ्याला याची किंमत कळते.

चौघांसाठी दुहेरी भिंतीचा स्टीलचा प्रेस. ४५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, ७५० मिलिलिटर पाणी, चार मिनिटं. बोटीवर याची खास अडचण म्हणजे गाळ बसत नाही. डोलण्याने तो सतत ढवळला जातो, त्यामुळे कॉफी गढूळ होते आणि पुढेही उतरत राहून कडवट लागते. म्हणून नेहमीपेक्षा जाड दळा, चार मिनिटं झाली की दट्ट्या शेवटपर्यंत न दाबता लगेच सगळी कॉफी थर्मासमध्ये काढा, प्रेसमध्ये ठेवू नका.

कोन ड्रिपर मला फक्त आरशासारख्या शांत पाण्यावर मान्य आहे. तिथेही बोट किंचित कललेली असली की पाणी कॉफीच्या थरात एका बाजूनेच वाट काढतं आणि अर्धी कॉफी कोरडीच राहते.

डोलणं इतकं असेल की उभं राहायला एक हात आधाराला लागतो, तर काहीही ओतू नका. त्यासाठी आदल्या संध्याकाळी थंड पाण्यात कॉफी भिजत घाला: १०० ग्रॅम जाडसर कॉफी, ८०० मिलिलिटर पाणी, झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये चौदा-सोळा तास. इथे डोलणं उलट मदत करतं, कारण बाटली रात्रभर ढवळली जाते. गाळून घेतलेला अर्क फ्रिजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. निम्म्याला निम्मं पाणी घालून प्यायचा. फ्रिज नसेल तर इन्स्टंट कॉफी हा चांगला पर्याय आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वजन, पाणी, साठवण

डिजिटल काटा बोटीवर स्थिरावत नाही. बोट वर-खाली होते तसं वजनही बदलत राहतं आणि आकडा नाचत राहतो. धक्क्यावर असताना एकदाच मोजा: आपल्या चमच्यात, आपल्या दळणाची, सपाट काढलेली कॉफी किती ग्रॅम बसते ते. किंवा १५-१५ ग्रॅमच्या छोट्या डब्या भरून ठेवा. पाण्यासाठी मगच्या आत एक खूण पुरते.

टाकीतल्या पाण्याला क्लोरीनचा किंवा फायबरग्लासचा वास असेल तर सक्रिय कोळशाचा फिल्टर नळाला लावा. खारं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम फार कमी आणि थोडं मीठ उरलेलं असतं. त्यात कॉफी फिकी, सपाट लागते. शक्य असेल तर किनाऱ्यावर भरलेलं पाणी कॉफीसाठी वेगळ्या कॅनमध्ये राखून ठेवा. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांनाच उकळतं, त्यामुळे थर्मामीटर लागत नाही. शिट्टी वाजल्यावर गॅस बंद करून अर्धा-पाऊण मिनिट थांबलं की हवं ते तापमान मिळतं, आणि तेवढ्यात उकळीचा उसळाही बसतो.

कॉफी दमट हवा झपाट्याने शोषते. मोठं पाकीट रोज उघडू नका. १०० ग्रॅमचे हवाबंद पुडे करा आणि एका वेळी एकच फोडा. फ्रिजमधला डबा दमट केबिनमध्ये उघडला की बियांवर दव धरतं, म्हणून तिथे ठेवू नका. हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये साध्या पोलादाची दाती गंजते, सिरॅमिकची गंजत नाही.

ओतण्याची पद्धत

कप सिंकमध्ये ठेवा. सिंक खोल असतो, चारही बाजूंनी कडा असतात, आणि सांडलं तर तिथेच सांडतं. ज्या कपात ओतायचं तो कधीही हातात धरू नका, दुसऱ्या माणसालाही धरू देऊ नका. केटल शेगडीवरून उचला, पाय फाकवून, कंबर ओट्याला टेकवून उभे राहा, आणि बोटीच्या लांबीच्या दिशेने ओता. कप पाऊणच भरा, झाकण लावा, मग वर द्या. उरलेलं पाणी लगेच थर्मासमध्ये; दुसऱ्या फेरीला शेगडी पेटवावीच लागत नाही.

तरीही भाजलंच तर कपडे, अंगठ्या लगेच काढा आणि थंड गोडं पाणी २० मिनिटं सोडत राहा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. टाकी लहान असेल तर खाली परात धरा आणि तेच पाणी मगाने पुन्हा ओता. बर्फ, टूथपेस्ट, लोणी काही लावू नका. भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर असेल तर डॉक्टर गाठा.

चोथा सिंकमध्ये टाकू नका. बोटीच्या सिंकची नळी बारीक, वळणाची आणि जवळजवळ सपाट असते. बारीक चोथा तेलासकट वळणात बसतो आणि काही आठवड्यांत सीकॉक (सांडपाणी समुद्रात सोडणारी बोटीच्या अंगातली झडप) तुंबतो. समुद्रातही नाही: मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाप्रमाणे साधारणपणे खाद्यकचरा, तोही २५ मिलिमीटरपेक्षा बारीक केलेला, जवळच्या जमिनीपासून ३ सागरी मैलांपलीकडे आणि बोट चालत असतानाच टाकता येतो. नांगरावर तो डब्यातच जातो. प्रेसमधला चोथा सिलिकॉनच्या पळीने खरवडून डब्यात काढा, १०० मिलिलिटर पाणी घालून हलवा, तेही डब्यावर धरलेल्या गाळणीतून ओता. डब्यात खाली जुना कागद घातला की ओल तो शोषून घेतो. झाकण घट्ट असू द्या, कारण ओला चोथा दोन दिवसांत बुरशी धरतो.